दार चिडलं

बाहुल्या मोठ्या करायचे थेंब डोळ्यांत घालून मावशी तपासणीच्या अंधाऱ्या खोलीत पडद्याआड बसल्या होत्या. मिटल्या डोळ्यांनी देवाचं नाव घेता घेता त्यांना गुंगी आली, आणि त्या गुंगीत पलीकडचे आवाज तरंगत आले.

"भाऊ, तुम्ही बाहेर थांबा. इथे फक्त पेशंट."

"अहो सिस्टर, मी नवरा आहे तिचा!"

"असाल की. पण डोळा त्यांचा सुजलाय ना?"

चपला कुरकुरत बाहेर गेल्या.

"हं, बोला ताई. कसं लागलं?"

"दार लागलं, सिस्टर."

"नेहमी लागतं?"

"छे हो! शांत असलं की महिना महिना काही करत नाही."

"आणि काल?"

"जेवण गार झालं होतं. मग चिडलं."

"दार चिडलं?"

मावशींच्या ओठांवरचं नाव तिथेच थांबलं.

"ताई, जेवण गार झालं म्हणून कुणी मार खायचा नसतो. घरी जायची भीती वाटत असेल तर दुसरीकडे सोय करू. तुम्ही म्हणाल तसंच होईल. दिवा लावू का?"

"नको. अंधारातच सांगते."

"सांगा."

"आमच्या घरात आतल्या खोल्यांना दारंच नाहीत, सिस्टर. नुसते पडदे आहेत."