वर लांडगा, आत शेळी

सकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटं झाली होती, जानेवारी महिना, बाहेर गुडघाभर बर्फ, आणि त्या घटकेपासून आख्खी गल्ली मलाच बोल लावतेय, म्हणे लुआन टॅकेटनं गाव बुडवलं! मी? अहो, मला घरातला जुना सोफा विकता आला नाही अजून, मी गाव कुठून बुडवू! पण नाही. किराणा दुकानात गेले तरी तेच, चर्चमध्ये गेले तरी तेच, मागच्या बाकावरच्या बायका प्रार्थना सोडून माझ्या पाठीकडे बघत बसतात. तुम्हाला सांगते, काय झालं ते एकदा नीट ऐकून घ्या, आणि मग द्या शिव्या. माझी ना नाही.

तर पोरगी खोकायला लागली. माझी मॅरीबेथ, दोन वर्षांची. साधा खोकला नव्हे हो, कुत्र्याच्या पिलानं भुंकावं तसा, आणि श्वास आत ओढताना शिट्टी! आता मला काळजी करायची सवयच आहे, पोरगी जास्त झोपली तरी काळजी, कमी झोपली तरी काळजी, नवरा म्हणतो, "लुआन, काळजीची शर्यत लावली तर तू सुरू व्हायच्या आधीच पहिली येशील." पण त्या सकाळची काळजी खरी होती. पोरीचे ओठ निळसर दिसायला लागले. नवरा वेंडेल मित्राच्या गाडीतून आधीच कारखान्यात गेलेला. घरात मी, पोरगी आणि सासरे. आणि दारात कोण उभी? हॅडली!

हॅडली म्हणजे आमच्या गावची गाडी. आमच्या गावात दुसरं काही बनतच नाही. सासरे, ओर्विल टॅकेट, केंटकीच्या डोंगरातून पोट भरायला वर मिशिगनला आले ते थेट हॅडलीच्या कारखान्यात शिरले, आणि उभा जन्म गाड्यांच्या पोटात इंजिनं उतरवत राहिले. तेव्हाच्या हॅडलीबद्दल त्यांना काही विचारू नका, जेवण थंड होईल. "लुआन बाळ, शनिवारी संध्याकाळी वुडवर्ड रस्त्यावर सिग्नलला हॅडली येऊन थांबली ना, की शेजारचा गाडीवाला आपण होऊन काच वर करून घ्यायचा. लाजेनं!" वरच्या साहेबांनी नको म्हटलं होतं म्हणे, एवढंसं अंग आणि त्यात एवढं थोरलं इंजिन कशाला, पण कुणीतरी गुपचूप टाकलंच, आणि देशभरची पोरं वेडी झाली! सिग्नल हिरवा झाला की हॅडली पुढच्या सिग्नलला, आणि बाकीचे अजून गियर शोधतायत! आणि तेव्हा हॅडलीची खूण, तो लांडगा, केवढा होता माहितीये? अंगठ्याच्या नखाएवढा. पुढच्या जाळीवर, कोपऱ्यात. मोठा हवाच कशाला? चार घरं पलीकडून आवाजावरून कळायचं, कोण आलंय ते.

मग पेट्रोलची टंचाई आली, पंपावर रांगा लागल्या, विम्याचे हप्ते चढले, धुराचे कायदे आले, आणि इंजिन लहान व्हायला लागलं. आणि इंजिन जसजसं लहान झालं तसतसा लांडगा मोठा झाला! अहो खरंच! आधी तळहाताएवढा, मग जेवणाच्या ताटाएवढा, आणि आम्ही गाडी घेतली त्या वर्षी तर आख्ख्या बॉनेटवर पसरलेला, पिवळे डोळे, विचकलेले दात, जीभ लोंबतेय थेट दिव्यापर्यंत... आणि बॉनेट उघडून बघाल तर आत? वर लांडगा, आत शेळी!

आणि तो लांडगा चिकटवतं कोण? माझा नवरा! बापानं इंजिनं बसवली, लेक चित्रं चिकटवतो. हसू नका, त्यात कसब आहे. साबणाचं पाणी मारायचं, लांडगा अंथरायचा, आणि रबरी पट्टीनं शेपटीपासून नाकापर्यंत पाणी काढत न्यायचं, एक बुडबुडा राहता कामा नये. वेंडेलच्या लांडग्याला कधी बुडबुडा नाही. लोक नाव काढतात त्याचं.

तर ही अशी हॅडली दारात उभी, लांडग्याच्या नाकावर बर्फ साचलेला. हिला दारं दोनच, एकेक दार गोठ्याच्या फाटकाएवढं, आणि मागच्या सीटवर पोराला बसवायचं म्हणजे ट्रंकेत म्हैस घालण्यातला प्रकार! कशीबशी कोंबली पोरीला. किल्ली फिरवली. खुर्र... खुर्र... खक. पुन्हा फिरवली. खक. मागे पोरगी खोकतेय, पुढे गाडी खोकतेय, दोघी एका सुरात! मी रडकुंडीला, आणि सासरे खिडकीशी उभे राहून काय म्हणतात? "घाई करू नकोस तिला. दोनदा पाय दाब, थांब, आणि मग प्रेमानं विचार." अहो बाबा, प्रेमानं काय विचारू! पोरीचा श्वास अडकलाय! "हॅडली अडचणीत सोडून जात नाही, लुआन." जात नाहीच! हलतच नाही जागची तर जाईल कुठं!

पोरीला उचललं आणि पळत सुटले शेजारच्या मिसेस विझोरेककडे. विधवा बाई, एकट्या राहतात. त्यांच्याकडे एक गोष्ट होती, आख्ख्या गल्लीला माहीत होती आणि कुणी बोलत नव्हतं. त्यांचा मुलगा कॅलिफोर्नियात, त्यानं आईसाठी गाडी पाठवलेली. छोटीशी, पांढरी, चार दारांची. जपानी! हॅडलीच्या गावात जपानी गाडी म्हणजे काय सांगू तुम्हाला, पाद्र्याच्या घरात दारूची भट्टी! बाईंनी ती गॅरेजात चादरीखाली झाकून ठेवलेली, पुतळा झाकावा तशी. मी दारात पोहोचले, बाईंनी पोरीची शिट्टी ऐकली, एक शब्द न विचारता चादर ओढली. किल्ली फिरवली. अहो, आवाजच नाही! मला वाटलं हीपण बंद, तर बाई म्हणतात, "बस ना लुआन, सुरू आहे ती!"

आणि सासरे? "मी त्या डब्यात पाऊल ठेवणार नाही!" मी म्हटलं, नका ठेवू, राहा इथेच, प्रेमानं विचारा हॅडलीला. गाडी वळली तेवढ्यात आले धावत! नात ती नात. पण बसले कुठं? मागे, आडवे! गुडघे पोटाशी, तोंडावर टोपी, कुणी ओळखू नये म्हणून! पण बूट काचेला टेकलेले, आणि ते बूट गावात कोण ओळखत नाही?

दवाखान्यासमोरची जागा बर्फानं बुजलेली, म्हणून गाडी घातली समोरच्या कामगार युनियनच्या आवारात. तिथे पाटी : परदेशी गाडी लावाल तर ओढून नेऊ. आणि पाटीखाली रखवालदार, हातात कॉफी. "ए बाई, पाटी वाचता येत नाही?" म्हटलं, सातवीपर्यंत शाळा केलीय, चांगली येते! "मग वाच की!" म्हटलं, आधी माझ्या पोरीला श्वास येऊ दे, मग वाचते तुझी पाटी, मोठ्यानं वाचते, चालीवर म्हणून दाखवते, पण आत्ता बाजूला हो नाहीतर ही कॉफी तुझ्या टोपीत ओतीन! झाला बाजूला. तेवढ्यात मागनं टोपीखालून आवाज, "गस, मी नाहीये या गाडीत." "बरं ओर्विल," म्हणाला तो.

पोरगी वाचली. औषध दिलं, वाफ दिली, दुपारपर्यंत बिस्कीट मागायला लागली. डॉक्टर म्हणाले, बाहेरच्या गार हवेनंही घसा थोडा मोकळा झाला. झालं! सासरे उठून उभे राहिले, "बघ! हॅडली सुरू झाली नाही, म्हणून तू पोरीला घेऊन गारठ्यात पळालीस, म्हणून पोरगी वाचली! त्या गाडीला कळतं!" आता या माणसाला काय बोलायचं, तुम्हीच सांगा. मी म्हटलं, बाबा, वर लांडगा, आत शेळी, आणि शेजारी तुम्ही!

त्या दिवसापासून गल्ली फिरली. कारखान्यात वेंडेलच्या जेवणाच्या डब्यावर कुणीतरी भाताची वाटी ठेवली, जपानी लोक खातात तशी. "काय रे, बायकोनं चिनीमातीची भांडी पण आणली का?" मग मिसेस विझोरेकना दिसेनासं झालं, मुलाकडे निघाल्या, जाताना किल्ली माझ्या हातात दिली. "पोरीसाठी ठेव." वेंडेल दारात उभा. "लुआन, मी लांडगा चिकटवतो. माझ्या दारात ही उभी राहिली तर मी कारखान्यात तोंड कुठं दाखवू?" मला कळत नव्हतं का त्याचं? कळत होतं. पण पुढचा हिवाळा येणार, पुन्हा तो खोकला येणार, आणि तेव्हा कोण सुरू होणार? मी म्हटलं, वेंडेल, मला लाज नको, लांडगा नको, मला सकाळी सुरू होणारी गाडी हवी. ती इथेच राहणार. चादर बिदर काही नाही, उघडी राहणार! आणि राहिली.

आता ऐका सप्टेंबरमधलं. कामगारांची सहल, नदीकाठच्या मैदानात, मक्याची कणसं, सॉसेज, बिअर, सगळं गाव. दरसाल तिथे एक खेळ असतो. कुठूनतरी भंगारातली जपानी गाडी आणायची, मैदानात उभी करायची, आणि ज्यानं त्यानं घण घालून तिला चेचायची. बायका, पोरं, म्हातारे, सगळे! मन मोकळं होतं म्हणे. पण यंदा भंगारवाला आलाच नाही. घण तयार, गाडी नाही! बिअर मात्र भरपूर. मग कुणाला तरी आठवलं. "अरे, ओर्विलच्या सुनेची आहे की!"

पोरगी कडेवर, आणि कर्ण्यावरून खेळ चालवणारा हँक ओरडतोय, "घरचा माणूस हो म्हणत असेल तर आपली काय हरकत!" आणि घरचा माणूस म्हणजे कोण? सासरे! बिअरचे दोन ग्लास पोटात, छाती पुढे. "माझ्या घरातली घाण मीच साफ करणार! पहिला घाव माझा!" निघाली मिरवणूक. मी पळतेय पुढे, माझी गाडी कुंपणाबाहेर, लांब, तिच्यापाशी जाऊन दोन्ही हात पसरून उभी राहिले. या! आधी मला मारा! ...कुणी आलंच नाही. बघते तर मिरवणूक वळलेली तंबूकडे. तंबूशेजारी एक गाडी उभी. छोटीशी, पांढरी, चार दारांची. कोरी करकरीत.

ती कुठली होती सांगू? हॅडलीची! नवी, छोटी हॅडली, हिच्यावर म्हणे आता कारखाना तरणार होता, मुद्दाम सहलीत दाखवायला आणलेली. लांडगा तेवढा चिकटवायचा राहिलेला, कारण माझा नवरा तो सगळ्यांसमोर चिकटवून दाखवणार होता. तो तंबूत साबणाचं पाणी कालवत होता!

मी ओरडले हो! गळा फाटेस्तोवर ओरडले, "अहो थांबा, ती माझी नाही! ती आपली आहे, आपली!" तर हँक कर्ण्यावरून, "ऐका ऐका! आता आपली म्हणते!" सगळे हसले, आणि धाड! सासऱ्यांचा पहिला घाव, सरळ बॉनेटवर. केंटकीचे हात हो ते. मग हँक, मग गस, मग हँकची बायको, तिची तर कमालच, दोन्ही दिवे एकटीनं फोडले. गाडी बनवणारं गाव! डोळे बांधून स्क्रू ओळखणारी माणसं! आणि कुणाला, एकाला तरी ओळखू यावं? कशावरून ओळखणार? आवाजावरून? आवाज कुठं उरला होता! वर लांडगा नाही म्हटल्यावर शेळी सगळ्यांची सारखीच!

आणि तंबूतून वेंडेल बाहेर आला. एका हातात बादली, दुसऱ्या हातात लांडग्याची गुंडाळी. मक्याच्या कढईचा तेवढा आवाज. सासऱ्यांनी घण खाली टेकला, लेकाकडे पाहिलं, त्या गाडीकडे पाहिलं. "वेंडेल, हिच्यावर लांडगा कुठंय?" वेंडेल म्हणाला, "माझ्या हातात आहे, बाबा." आणि तो पठ्ठ्या गुडघ्यांवर बसला, चेचलेल्या बॉनेटवर साबणाचं पाणी मारलं, आणि लांडगा चिकटवायला लागला. सगळ्यांसमोर. खळग्याखळग्यातून पट्टी फिरवत. मला तेव्हा हसू नाही आलं, खरं सांगते. त्याच्याशेजारी जाऊन बादली धरली.

मग पुढचं तुम्ही ऐकलंच असेल. पानगळ सरायच्या आत वरून साहेब आले, कोट चांगला होता त्यांचा, आणि म्हणाले, हॅडली बंद. बास. आणि गाव काय म्हणतं? लुआनच्या जपानी गाडीचा पायगुण! माझ्या? अहो, इंजिन दरसाल मी कापत होते? लांडगा मी ताणत होते? घण मी मारला? आणि पायगुण म्हणणाऱ्या याच बायका आता सकाळी दार वाजवतात, "लुआन, आमची सुरू होत नाहीये गं, पोराला दवाखान्यात सोडशील?" सोडते. हँकच्या बायकोलाही सोडते. पण तोंड बंद ठेवत नाही, सोडता सोडता सगळं ऐकवते! मॅरीबेथनं परवा या थंडीतला पहिला खोकला काढला, मी किल्ली फिरवली, आणि बाकी जगाचं काय व्हायचं ते होवो.

आता एवढंच काम करा माझं. आमची हॅडली विकायची आहे, वेंडेलनं हो म्हटलंय. कुणी शौकीन घेणारा दिसला तर सांगा, त्यानं आणखी चौघांना सांगावं. लांडगा उत्तम आहे, एक बुडबुडा नाही. सुरू होईल असं मी म्हणत नाही. फक्त कारखाना बंद झाल्यापासून सासरे रोज सकाळी टोपी घालून तिच्यात जाऊन बसतात ते अंधार पडेपर्यंत उतरत नाहीत, तेव्हा घेणाऱ्यानं त्यांच्यासकटच न्यावी... दुपारी सूप द्यायचं, मीठ कमी, आणि काही विचारायचं नाही.