खडकावरचं घर

लाँचच्या रांगेत माझ्यापुढे एक बाई स्टोव्ह घेऊन उभी होती. तिची नणंद तिला पोचवायला आली होती.

“वहिनी, त्या खडकावर प्यायला पाणी नाही आणि सरकार फुकट घर देतंय? मला तर यात काहीतरी काळंबेरं दिसतंय.”

“वन्सं, दोन सरकारांचा खटला चाललाय ना. खडकावर माणसं राहत असली, तर भोवतालचा समुद्र आणि त्याखालची जमीन आपली.”

“म्हणजे तू राहायला चाललीस की दाखवायला?”

“हळू बोला. न्यायाधीश पाहणीला येतील, तेव्हा दोरीवर लहान मुलांचे कपडे वाळत असले पाहिजेत, असं साहेब म्हणाले.”

“अगं, पण तुला मूल कुठंय?”

“कपडे त्यांनीच दिलेत. नवे वाटू नयेत म्हणून विटवूनसुद्धा दिलेत.”