वर गेलेला हात

नाय साहेब, फोटो मी ओट्यावर नाय काढणार — काढायचाच असेल तर इथं दारात काढा, नायतर मंगळीचा काढा, ती बघा तिकडे जवळा पसरत्येय, ती फोटोत हसते पण चांगली. काय बोललात? नगरपरिषदेतून माझंच नाव दिलंय? बायडीबायच पाहिजे? — असू दे, दिलं असेल. बसा तुमी. तिकडे नको, तो पाट ओला हाय, इकडे सावलीत बसा. बोयसरवरून मोटरसायकलवर आलात म्हंजे ऊन खातच आलात. नाव काय तुमचं? सुजीत. बरं. तर सुजीतभाऊ, तुमच्या त्या टॅबवरचं मला काय दिसत नाय, चष्मा फुटलाय, तुमी वाचा आणि मी सांगते, माझे हात बोंबील निवडतायत ते निवडू द्या.

ओटा वापरात हाय का? हाय की. अख्खी आळी वापरते. सकाळी सहाला या, पाय ठेवायला जागा नसते — इकडे जवळा, तिकडे मांदेली, मधे सोजराबाईचं भांडण. चांगला बांधलाय, खोटं कशाला बोलू, उतार बरोबर दिलाय, पाणी राहत नाय. मी? मी नाय वापरत. माझे बोंबील वलांडीवर, ते बांबू दिसतात ना, त्यांच्यावर — दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि दोरीवर टाकायचे, एक इकडे एक तिकडे. बोंबलाला ओटा नाय लागत. जवळ्याला लागतो. नाय, जवळा मी आता घेतच नाय. दोन वर्षं झाली. कशाला म्हंजे — नाय घेत, बस. ते पण लिहायचं असतं का तुमच्यात?

आता तुमी विचाराल, तर मग ओटा मागितला कोणी? मीच मागितला. त्यात लपवण्यासारखं काय नाय, अख्ख्या वॉर्डाला माहीत हाय. आमी आधी जवळा वाळूत सुकवायचो. किती पाखडा, किती निवडा, बारीक वाळू राहतेच. मनोरच्या बाजारात एक बाई माझ्या पाटीसमोर उभी राहून चार गिऱ्हाइकांदेखत बोलली, मावशी, तुमच्या जवळ्यात अर्धा समुद्रकिनारा हाय. सगळे हसले. मी पण हसले, काय करणार. पण एसटीत घरी येईपर्यंत उरलेला जवळा निवडत बसले. तवापासून माझ्या डोक्यात एकच — ओटा पाहिजे. नगरसेवकाच्या दारात किती वेळा गेले असेन, त्याची बायको मला बघून आतूनच सांगायची, ते घरात नायत. आणि मग ती वॉर्डसभा लागली, मार्गशीर्षात, शाळेच्या पटांगणात. तुमच्या ऑफिसातल्या बाई आलेल्या, चांगल्या बोलत होत्या बिचाऱ्या. बोलल्या, ह्या वर्षी निधीत एकच काम बसतंय. एकतर मासळी सुकवायचा ओटा, नायतर रुग्णवाहिका — गाडी इथंच उपकेंद्राजवळ उभी राहील, दिवसरात्र, डायवरसकट. तुमीच ठरवा. ओटा पाहिजे त्यांनी हात वर करा.

तुमी कधी आमच्या बंदरावर लिलाव बघितलाय? नाय बघितला. मग तुमाला हे कळायचं नाय, सांगते. होडी लागली की पाट्या मांडतात, लिलाववाला भाव बोलतो, आणि बाया हात वर करतात. तोंडाने कोण काय बोलत नाय. हात वर गेला म्हंजे शब्द दिला. मग पाटीत खाली सडकी मासळी निघू दे, नायतर तुमच्या पदरात पैसे नसू देत — वर गेलेला हात खाली घ्यायचा नाय. ज्या बाईने एकदा हात खाली घेतला, तिच्या हाताकडे लिलाववाला परत बघत नाय. त्या बंदरावर तिचं संपलं. आणि मी तिथं तीस वर्षं हात वर करत्येय. माझा हात बघून बाकीच्या बाया पाटी घ्यायची का नाय ते ठरवतात. बायडीने केलाय ना हात, मग माल चांगला हाय. हा माझा मान होता, दुसरा कुठला मान आमच्यासारखीला असतो?

तर त्या बाईंनी ओटा म्हटलं आणि माझा हात वर. विचार केलाच नाय, विचार वर्षभर करून झालेला. आणि माझा बघून बाकीच्यांचे. बाजूला माझी सून बसलेली, पूर्वी नाव तिचं. माहीमची पोरगी, केळव्याजवळचं माहीम, बापाची वाडी हाय तिथं, समुद्रावर कधी पाय नाय टाकलेला, पण माझ्या घरात आली आणि सहा महिन्यांत बोंबील अडकवायला माझ्यापेक्षा भराभर शिकली. चौथा महिना होता तिला. ती माझा पदर ओढायला लागली, खालून, कोणाला दिसणार नाय असा. आई, आई, गाडीला करा ना. मी बोलले, गप, आता वर गेला. आई, हा लिलाव नाय, घ्या खाली, कोण काय नाय बोलणार. मी बोलले, ऐंशी बाया बघतायत माझ्याकडे, पूर्वी. आणि मग — मग तिने पण हात वर केला. सासूचा हात वर असताना आपला खाली कसा ठेवायचा, म्हणून केला. हसली माझ्याकडे बघून. मोजणी झाली. ओट्याला एक्केचाळीस, गाडीला एकोणचाळीस. दोन हातांनी ओटा आला साहेब. मी शाळेत गेले नाय पण हे गणित मी रोज करते. ते दोन हात काढायचे आणि तिकडे टाकायचे, मग बघायचं किती होतात.

होळीच्या आदल्या दिवशी तिच्या अंगावरून जायला लागलं. सातवा महिना. दुपारची वेळ, काय रात्र नव्हती, सगळे जागे होते, सगळे धावले. सगळ्या होड्या सणाला परत आलेल्या, बाप्ये सगळे बंदरावर होळीचा दांडा उभा करत होते, रिक्षावाले पण तिथंच, निम्मे पिलेले. सरकारी गाडीला फोन केला, ती हायवेवर गेलेली, मनोरजवळ अपघात झालेला — गाडीची काय चूक नाय, तिकडे पण माणसंच पडलेली. शेवटी बर्फाचा टेम्पो आणला. मागे खोके सरकवून सतरंजी टाकली, खाली सगळं पाणी. मी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले. मला बोलते, आई, गार लागतंय. मी बोलले, बर्फाचा टेम्पो हाय ना बाय, म्हणून. दोनदा तेच बोलली, मी दोनदा तेच सांगितलं. पालघर यायच्या आधी गेली. पोटातलं पण गेलं. डॉक्टर बोलले, वीस मिनिटं आधी आणली असती तर. ते सगळ्यांनाच असं बोलतात का हो? तुमाला काय माहीत, तुमी कशाला सांगाल.

दर्पण, माझा मुलगा, तिचा नवरा — त्या सभेच्या दिवशी तो खोल समुद्रात होता, आठ दिवसांची फेरी. नंतर ऐकलं त्याने सगळं, की ओटा पास झाला आणि गाडी गेली. बारावं झाल्यावर माझ्याजवळ येऊन बसला. मला वाटलं, आता बोलेल, बोलू दे एकदा. तर बोलला, आई, तू मनाला लावून घेऊ नको, तुला काय माहीत होतं. अजून तेच बोलतो. मी जेवले नाय की बोलतो, आई, तुला काय माहीत होतं, चल जेव. एवढा चांगला निघाला तो. वाईट निघाला असता तर बरं झालं असतं, शिव्या दिल्या असत्या तर मी खाल्ल्या असत्या आणि झोपले असते. पण मला माहीत होतं साहेब. त्या दिवशी सकाळीच, ह्याच वलांडीखाली, तिने मला सांगितलेलं — आई, मला कधी कधी डाग पडतो, नर्सबाई बोलली जपून राहा, आज सभेत आपण गाडी मागू या का. मी बोलले, बघू. मग नाकात बोंबलाचा वास आणि डोक्यात मनोरच्या बाजारातली ती बाई — विसरले मी. नाय, विसरले नाय. विसरले नव्हते. तिने पदर ओढला तवा मला आठवत होतं. आठवत असून हात वर ठेवला, कारण बाया बघत होत्या.

हे लिहिलंत का? नका लिहू. हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं, आज तुमी ओट्याचं विचारलंत म्हणून तोंडातून गेलं. पुसा ते. पुसता येतं ना?

बरं, ह्या वर्षीचं वाचा. काय काय कामं हायत यादीत? ओट्यावर पत्र्याची शेड. हां, शेड पाहिजे, उन्हाचा त्रास होतो बायांना. मग? किनाऱ्यावर बाकडी आणि दिवे. मग? — दोनच? आणि गाडी? गाडी कुठं हाय? नीट बघा ना, खाली असेल, बोटाने सरकवा. नसेल कशी, गेल्या खेपेला दोन हातांनी राहिली ती, एकोणचाळीस बायांनी मागितलेली — काय लिहिलंय तिथं? परत वाचा. वॉर्ड क्रमांक अमुक, रुग्णवाहिका — गरज नाही. गरज नाही? असं कोण बोललं? कोणीच नाय बोललं असं. आमी ओटा मागितला, बस. अहो, लिलावात एका पाटीवर हात केला नाय म्हंजे पोरांना ती मासळी नको असते का? पदरात एकाच पाटीचे पैसे असतात म्हणून एकच घेतो. हे तुमच्या ऑफिसात कोणाला कळलं नाय? माझ्या हाताने हे लिहिलं गेलं? पूर्वीच्या हाताने पण? ती बिचारी हसली माझ्याकडे बघून, आणि तुमी तिच्या हातावर लिहिलंत, गाडीची गरज नाही.

नाय, तुमच्यावर नाय चिडत, तुमी तर आज आलात, पगारी माणूस. सांगा, हे बदलता कसं येतं? शुक्रवारी सभेत उभं राहायचं. नाव सांगायचं. बरं. आणि कारण सांगायचं, गरज का हाय ते, सगळ्यांसमोर, ते लिहून घेतात. जिचं घडलंय तिने सांगितलं तर वजन पडतं. हो, पडत असेल. बाया पण माझ्यामागे उठतील, ते पण खरं, अजून माझ्याकडेच बघतात. पण साहेब, दर्पण आता खोल समुद्रात जात नाय. शुक्रवारी तो तिथं बसलेला असेल, पहिल्या रांगेत, मला घेऊनच जाईल तो, हात धरून. आणि मी उभी राहून काय सांगू? थोडं सांगून थांबता येत नाय मला, आत्ता बघितलंत ना तुमी, ओट्याचं विचारलं आणि कुठं गेले मी. तो सांगतो तुला काय माहीत होतं, तेवढ्या एका वाक्यावर आमचं घर उभं हाय. ते काढलं की मग तो कोणाला जेव म्हणेल? आणि नाय उठले तर — अजून कोणाची तरी सून असेल आळीत. हाय. मंगळीचीच हाय, पाचवा महिना.

थांबा. तो आला. गेटाशी तोच हाय, निळ्या शर्टातला. ते बंद करा, ते अक्षर त्याच्या नजरेला पडू देऊ नका, तो वाचतो चांगलं. गरज नाही असं त्याला दिसायला नको. करा ना बंद.

काय नाय रे दर्पण, नगरपरिषदेचे हायत, ओटा बघायला आलेले. रडत नाय मी, बोंबील निवडून निवडून डोळ्यांत गेलं. झालं त्यांचं, निघालेतच. तू आत जा, भात झाकून ठेवलाय, मी आले.

गेला आत. तुमी पण जा आता साहेब. शुक्रवारचं मला नका विचारू. जा ना.