लवकर टाकून दिलेली प्लेट

मंडळी, आपण सगळे आलात. काही जण कात्रजहून, या रहदारीतून आलेत. मी आयुष्यभर मराठी शिकवलं. वर्गात शब्दांसाठी कधी अडलो नाही. आज अडेन. सांभाळून घ्या.

सुनंदा माझी पत्नी. या महाविद्यालयात तिने सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलं आणि इथल्याच प्रयोगशाळेत संशोधन केलं. आत्ता प्राचार्यांनी तिचे शोधनिबंध किती आणि जगभरातल्या संशोधकांनी त्यांचे संदर्भ किती वेळा दिले, ते सांगितलं. मागच्या फ्लेक्सवर, तिच्या फोटोखाली, तो आकडा छापलाही आहे. हेतू चांगला आहे. पण मंडळी, त्या आकड्यातला मोठा वाटा एकाच निबंधाचा आहे. आणि तो निबंध चुकीचा आहे, असं ती स्वतः म्हणत होती.

हे घरी बोलता आलं असतं. पण घरी आता मी एकटाच आहे.

चूक काय होती? मला समजलं तेवढं सांगतो. मातीतला एक जीवाणू पिकाच्या मुळांवरची बुरशी रोखतो, असं त्या निबंधात होतं. प्रयोगाआधी जीवाणू काचेच्या चपट्या प्लेटवर वाढवतात आणि त्यात दुसरं काही मिसळलेलं नाही ना, ते पाहतात. सुनंदाने आणि तिच्या सहलेखकाने दुसऱ्या दिवशी पाहिलं. एकच प्रकार दिसला. शुद्ध आहे, असं ठरलं. प्लेट टाकून दिली. सगळे तसंच करतात.

काही वर्षांनी परदेशातल्या एका विद्यार्थिनीचं ईमेल आलं. मी कधीपासून तुमचा प्रयोग करून पाहते आहे, मला तो जमत नाही, माझं काय चुकतंय?

सुनंदाने फ्रीजरमधली त्या जीवाणूची जुनी नळी काढली आणि तो पुन्हा प्लेटवर वाढवला. या वेळी प्लेट टाकली नाही. राहू दिली. आठवड्याने तिथे दुसरा जीवाणू दिसला. बारीक, सावकाश वाढणारा. बुरशी तो रोखत होता. त्या मुलीला इथून प्लेटवरचा एकच ठिपका उचलून, वाढवून पाठवला होता; त्यात तो नव्हताच.

संध्याकाळी घरी येऊन म्हणाली, "अहो, विरजणात दोघं होती. काम एकाने केलं, नाव दुसऱ्याचं लागलं."

मी म्हणालो, "आमच्या मराठी विभागात हे रोजचंच होतं."

ती हसली. मग म्हणाली, "ती पोरगी इतके दिवस स्वतःच्या हाताला दोष देत बसली हो."

कुणी संदर्भ दिला की तिच्या मोबाइलवर सूचना यायची. इतरांना आनंद होतो. ती फोन पालथा ठेवायची. "आणखी एक," म्हणायची. आणखी एक फसला, असा त्याचा अर्थ.

निबंध मागे घ्यायचा, असं तिने नियतकालिकाला कळवलं. त्यांनी सहलेखकाची संमती मागितली. सहलेखक तिचाच विद्यार्थी. त्याची पीएचडी त्या निबंधावर, नोकरी त्यावर, बढती त्यावर. तो इथे बसला आहे. मी नाव घेणार नाही. ज्यांना माहीत आहे त्यांनी कृपया मागे वळून पाहू नये.

तो घरी आला होता. चहाचा कप बाजूला सरकवला. मग म्हणाला, "मॅडम, इतके लोक संदर्भ देतात. सगळे कसे चुकतील?"

"अरे, ते रांग बघून उभे राहिलेत. पुढे काय मिळतंय, कुणी विचारलेलं नाही."

"माझी मुलं शाळेत आहेत, मॅडम."

तो गेल्यावर मी चिडलो. ती म्हणाली, "त्याच्यावर रागवू नका. दुसऱ्या दिवशी प्लेट बघायला त्याला मीच शिकवलं."

भांडून निबंध मागे घेता आला असता. ती भांडली नाही. तो आपणहून हो म्हणेल, असं म्हणत राहिली. रुग्णालयातही विचारायची, "त्याचा फोन आला का?" मी नाही म्हणायचो. शेवटी तिने विचारणं थांबवलं.

तिने त्याच्या होकारासाठी थांबायला हवं होतं का? मला ठरवता येत नाही. ती थांबली होती तेव्हाही कुठेतरी कुणीतरी आपल्याच हाताला दोष देत होतं. आजही देत असेल.

प्राचार्य, फोटो राहू द्या. खालची ओळ तेवढी झाका. तिला ती नको होती.

आणि ज्याला हो किंवा नाही म्हणायचं आहे, त्याच्याकडे मी इथे उत्तर मागत नाही. नियतकालिक अजून वाट पाहतं आहे, एवढंच सांगतो. आता मीही.

आपण उभे राहू या. दोन मिनिटांची पद्धत आहे. मी थोडा जास्त वेळ मागतो. कुणी घड्याळ पाहू नका. काही गोष्टी सावकाश वर येतात. तिने एकदा घाई केली होती. आज आपण करू नये.