'या' म्हणायची चोरी

न्हाई म्हंजे, माणसाला खायला बोलवायचं आन् 'या' म्हणायचं न्हाई, ही कोणती रीत हाय? तुमाला सांगतो, त्या कॉम्प्युटरनं डोस्कं फिरवलंय माझं! पेडगावला शेत हाय आपलं, थंडीत शहरातल्या लोकायसाठी हुरडा पार्टी ठेवतो... धंदाच हाय, पण आग्रह घरच्यावानी! गूळभेंडी ज्वारी, पेटलेली आगटी, चटणी, ताक, समदा इंतजाम तयार! पण हुरडा थांबतोय व्हय कुणासाठी? आठ-दहा दिवसांत दाणा टणक, मग बसा चावत!

तर मागल्या साली आलेल्या समद्यायला मी जीव लावून मेल लिहिली. "अगत्याचं निमंत्रण!!! या, या, यायलाच पाहिजे! आजच निघा! ताक मोफत!!!" आन् बसलो वाट बघत. कुत्रं फिरकलं न्हाई! सूनबाईनं, राजेश्रीनं, बघितलं, म्हणे, "मामा, मेल स्पॅममध्ये गेली की समद्यांच्या." म्हणलं, ते काय असतंय? "लॉटरी लागली म्हणून फसवणाऱ्यांच्या मेल जिथं जातात ना, तो डबा." अहो, माझं निमंत्रण भामट्यायच्या पंगतीत! कामून? तर म्हणे, "तुमी आग्रह लय केलाय, मामा." आता आग्रह करायचा न्हाई तर बोलवायचं कसं, सांगा!

मंग लागली काटछाट. "'मोफत' काढा, मामा." काढलं. "ही उद्गारचिन्हं काढा." काढली. "'आजच निघा' नको, घाई करणाऱ्याचा मशीनला संशय येतो." अगं माय, घाई मला न्हाई, ज्वारीला हाय! ऐकते का? "नुसती माहिती द्या, मामा, शांतपणे." हे कापलं, ते कापलं, उरलं काय? "हुरडा तयार आहे. माहितीसाठी." माहितीसाठी! नळाला पाणी येणार न्हाई म्हणून नोटीस लावतात, तसं! आन् तीच मेल पोचली बघा, एकूण एक माणसाला!

लगेच पुण्याहून साडूचा, सितारामरावचा फोन. "माणिकराव, आमचं काही चुकलं का? इतकं कोरडं बोलावणं? एक 'या' सुदीक न्हाई?" म्हणलं, मशीन 'या' म्हणू देईना हो! "मशीनला कशाला पुढं करता? बोलवायचं नसंल तर तसं सांगा की." आन् ठेवला फोन! आता आग्रह करायचा न्हाई तर...

जाऊ द्या! मीच घेतला मोबाईल. एकेकाला फोन. "या हो, यायलाच पाहिजे!" न्हाई उचलला की परत लावला, परत न्हाई उचलला, परत लावला... आग्रह म्हंजे आग्रह! तर हळूहळू कुणी उचलंचना. शेवटी संभाजीनगरच्या एका मॅडमनं उचलला, आन् दबक्या आवाजात काय म्हणतात, "काका, तुमचा फोन आला की इथं लाल अक्षरात 'स्पॅम' दिसतंय हो."

घ्या! तिकडं हुरड्याची ज्वारी झाली, आन् इकडं... मेल निघाली डब्यातून, मी गेलो आत!