पाटाचा तळ

निनहेदू : ...बावन्न, त्रेपन्न, चोपन्न. एका ओंबीत चोपन्न दाणे! गेमे, ही तू निवडून टांगलीस ना दारावर? येणाऱ्या-जाणाऱ्याचे डोळे दिपायला?

गेमे : पहिल्या दिवशी कापली ती टांगली. त्या कोपऱ्यातली दुसरी घे हवी तर, मोज. सहा रांगा, रांगेत नऊ-दहा दाणे. आमचा जव असाच येतो, ताई.

निनहेदू : इतक्या वर्षांत इथलं विसरलेच होते मी. आमच्या डोंगरात दोनच रांगा. साल चांगलं असलं तर बावीस दाणे. आणि पाऊस आमच्याकडे! इथे आभाळातून पाणी नाही, घर बांधायला दगड नाही, चुलीत घालायला धड लाकूड नाही. शेण्या जाळता तुम्ही, बोरूच्या काड्या जाळता. आणि दारात हे.

गेमे : मोजून झालं असेल तर फावडं उचल. उन्हं चढायच्या आत पाटात उतरायला हवं.

निनहेदू : तुला आठवतं? मला डोंगरातलं स्थळ आलं. मेंढ्या, रानं, झरे. तुला हा गाळ उपसणारा. आई तुला जवळ घेऊन किती रडली होती.

गेमे : आणि तू माझ्या पाठीवरून हात फिरवून म्हणालीस, ‘बिचारी!’ तो हात मला अजून लागतो.

निनहेदू : मग हास आता. तीन सालं ढग फिरकला नाही. मेंढ्या मेल्या. झऱ्यावरून भाऊबंदांशी भांडून नवरा पलीकडच्या खोऱ्यात गेला, तो गेलाच. आणि थोरली बहीण दोन पोरं घेऊन धाकटीच्या दारात.

गेमे : हसायचं असतं तर शेशकल्लाकाकांकडे तुझ्यासाठी शब्द टाकला असता का? पाटकरी बाहेरच्या माणसाला उभं करत नाहीत. माझ्या शेजारचं शेत आणि त्याच्यासमोरचा पाटाचा तुकडा तुला दिलाय. आपापल्या तुकड्यातला गाळ उपसायचा, काका काठीने मोजणार. माप बसलं की पेरणीच्या पाण्याची पाळी. नाही बसलं, तर यंदा पाणी नाही, पेरणीही नाही.

निनहेदू : माझ्या पोरांचं वर्षाचं पोट त्या काठीवर.

गेमे : सगळ्यांचंच आहे.

निनहेदू : एक मला कळत नाही. इथे कुणाचं कुणाशी पटायचं नाही. आपल्या लहानपणी रोज कुणीतरी कुणाचा बांध कोरायचं. मग ही गावाची भिंत, ते धान्याचं कोठार, देवळाचा एवढा चौथरा, हे कुणी केलं?

गेमे : त्याच भांडणाऱ्यांनी. आजही पटत नाही. शेजारीण कालच माझ्या बिअरला नाक मुरडून गेली. पण तुझ्याकडचा ढग काय कुणाला विचारून बरसतो? भांडलात की उठायचं, पुढचं खोरं गाठायचं. तिथेही पाऊस. इथे रुसून जाशील कुठे? पाट सोडून जरा बाहेर गेलीस की नुसती धूळ. मग त्याच शेजारणीला खेटून उभं राहायचं आणि गाळ उपसायचा. उपसता उपसताच ठरतं, पाणी आधी कुणाला, पूर आला तर बांधावर कोण, उरलेलं धान्य कोण राखणार.

निनहेदू : म्हणजे आभाळ कोरडं, म्हणून तुमची चंगळ!

गेमे : आभाळ कोरडं आणि नदी भरलेली. दोन्ही हवं. चल आता.

(दुपार टळली आहे. दोघी पाणी अडवलेल्या पाटात, गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेल्या. शेशकल्ला पाटकरी मोजकाठी टेकत येतो.)

शेशकल्ला : गेमे, तुझा ठीक. हा पुढचा कुणाचा खड्डा?

निनहेदू : माझा, काका. खड्डा कसला! साऱ्या पाटात सगळ्यात खोल. गेमेपेक्षा वीतभर जास्त.

शेशकल्ला : ते कशाला?

निनहेदू : खोल असलं की पाणी माझ्याकडे जास्त येईल. डोंगरात झऱ्यावर आम्ही असंच करतो. ज्याचा खड्डा खोल, त्याचं पाणी.

शेशकल्ला : येईल ना. येईल आणि बसून राहील. पोरी, तुझ्या शेताचं तोंड ते बघ कुठे वर आहे. खड्ड्यातलं पाणी उडी मारून चढणार का तिथे? इथे पाण्याचा वेग मरेल, गाळ धरेल, आणि तुझा खड्डा भरेपर्यंत खालची घरं बोंब मारतील. पाण्याच्या देवाची, एन्कीची शपथ, इतक्या वर्षांत कमी खणणारे पुष्कळ पाहिले, जास्त खणणारी तूच.

निनहेदू : मग माझी पाळी?

शेशकल्ला : उद्या पहाटे वरचा बांध फोडणार. सूर्य टेकायच्या आत भरून, तुडवून तळ सारखा केलास तर पाळी. मी टोकापर्यंत जाऊन परत येतो.

निनहेदू : एकटीने? एवढा लांब तुकडा? काका! ...गेले बघ.

गेमे : तू मुद्दाम केलंस.

निनहेदू : हो. तुझ्या पोरांचे गोबरे गाल डोळ्यांसमोर होते. दर घावाला वाटत होतं, एकदा तरी माझं तुझ्यापेक्षा जास्त असू दे.

गेमे : मला दिसत होतं.

निनहेदू : काय?

गेमे : तू खोल चालली आहेस ते. सकाळपासून दिसत होतं. बोलले नाही.

निनहेदू : पाळी जाईल हे माहीत असून?

गेमे : माहीत असून. तू गेल्यावर उगवतीला ढगाची रेघ दिसली की आई म्हणायची, ‘माझी निनहेदू भिजत असेल आता.’ दर खेपेला. मी तिच्यासमोर बसून तिचे पाय चेपत असायचे, ताई.

निनहेदू : ...मला कुणी सांगितलं नाही.

गेमे : कोण सांगणार! वाटलं, एकदा तरी तुझ्याकडे बघून कुणीतरी नकाराची मान हलवावी. हलवली. आता बरं वाटायला हवं होतं.

निनहेदू : गेमे, पोरांची पेरणी जाईल गं.

गेमे : टोपली आण. काठावरची वाळलेली माती नको, ती वाहून जाईल. ओली चिकट घे. तू ओत, मी तुडवते.

निनहेदू : तुझ्या ढिगातली घेऊ?

गेमे : घे. फक्त मोजत बसू नकोस.

निनहेदू : पाय आपट की नीट! लहानपणापासून अशीच, नाचल्यासारखी.

गेमे : आणि तू लहानपणापासून नुसती सांगणारी. ओत!

शेशकल्ला : झालं का पोरींनो? सूर्य टेकला. सरका बाजूला, काठी ताठ राहू दे. निनहेदू... दोन हात, तीन बोटं.

निनहेदू : आणि गेमेचं?

शेशकल्ला : दोन हात, तीन बोटं.