थोडी सरकवलेली रेघ

— नाही हो, चूक तुमची नाहीच. बसा. त्या खुर्चीवर नको, तिचा पाय हलतो. गाडी काढतायत आमची माणसं, त्यांना सवय आहे. सगळे त्याच खड्ड्यात जातात — तिथं आम्ही झुडूपसुद्धा वाढू देत नाही, क्रेनला अडचण नको. वहिनींचा ओठच फुटलाय ना? थोडक्यात निभावलं म्हणायचं.

तर वळणाचं सांगत होतो. खरं वळण कसं असावं — सरळ रस्त्यानं हळूच कूस बदलावी, हाताला कळायच्या आत स्टिअरिंग फिरलेलं असावं, आणि बाहेरची कड जरा उचललेली, म्हणजे गाडी आत झुकते. इथं बाहेरचीच कड बसलीये, गाडीला म्हणते, या, उतरा खाली. मला कसं ठाऊक? अहो, आमचे मेव्हणे रस्तेखात्यात इंजिनिअर, थोरल्या बहिणीचे यजमान. आखणी त्यांचीच. पहिली आखणी काय सुरेख होती — ऐसपैस वळण, डुलकी लागली तरी गाडी आपली आपण वळेल असं. फक्त ते या गॅरेजमधून जात होतं, तुम्ही बसलाय ना, बरोबर तिथून. मग बहीण त्यांना वाढता वाढता म्हणाली, भावाच्या पोटाचा प्रश्न आहे, रेघच तर आहे, थोडी सरकवा. सरकवली. ते म्हणाले, वळण आवळलं जाईल. म्हटलं, जाऊ दे, लोक हळू चालवतील. चालवतात का? तुम्हीच सांगा. मग त्यात रेघेचा काय दोष?

तेव्हा इथं माशा मारत बसायचो. आता देवदयेनं उसंत नाही. वाईट वाटतं, नाही असं नाही — मागं एक फळवाला याच वळणावर गेला, तेव्हा त्याच्या घरी मी स्वतः जाऊन बसलो. वळण सरळ करा म्हणून मोर्चा निघाला, तर सगळ्यांत पुढे मीच. निवेदन मेव्हण्यांनीच घेतलं. मला विचारतात, आपलं नाव काय?

थांबा हं, मुलीचा फोन — बोल गं. निघालात? बाळ झोपलंय? बरं. नाही, इकडून नको, कालव्याच्या रस्त्यानं या. पडू दे लांब. जावईबापूंना सांग, बाबांनी शपथ घातलीये. हं. ठेव.

— काय? असं काय बघताय? बाळ तान्हं आहे हो, म्हणून म्हटलं.

तुमची गाडी आली वर. जा, बाहेर उभे राहा. जा ना.